डावीकडून चाला

सासू-सून एका घरात नांदतात यात नवल ते काय? या दोघी एकाच टेपच्या दोन टोकांना नांदत होत्या. वरच्या खुंटीपाशी सासू, खालच्या खुंटीपाशी सून, मध्ये पन्नास मीटरचा टेप ताणलेला, आणि त्या टेपला उगाच बोट लावायची कुणाची टाप नव्हती. सासू वनस्पती-मोजणीची प्रमुख. कामावर तिला सगळे तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'फूटपट्टी'. सूनही म्हणायची. फक्त घरी, भांडी घासताना, नळ मोठा सोडून.

काम ऐकायला अगदी सोपं. खाणीनं जमीन उकरली, हवं ते काढून घेतलं, मग खड्डा बुजवला, वर माती पसरली आणि त्या मातीत इथल्याच रानातल्या झुडपांचं बी पेरलं. आता ती झुडपं धरली की नाही, हे मोजायचं. ताडून कशाशी बघायचं? तर टेकाडापलीकडे एक माळ होता, त्याला खाणीचा हात कधीच लागला नव्हता. कोरडा, तापलेला मुलूख. पाऊस आला तर आला, नाहीतर त्याची वाट बघण्यात वर्ष जायचं. तरी त्या माळावर करड्या पानांची, खुरटी, काटेरी झुडपं पाय रोवून उभी होती. त्याला हे लोक 'मापाचा माळ' म्हणत. भरावाच्या जमिनीचा आकडा मापाच्या माळाच्या जवळ पोचला, की जमीन सुधारली. नाही पोचला, की नाही सुधारली.

मोजायची रीत ठरलेली. टेप ताणायचा, त्याच्या कडेनं चालायचं आणि ठरावीक खुणेवर टेपच्या उजव्या अंगाला लोखंडी चौकट ठेवायची. चौकटीत झुडूप किती, मोकळी माती किती, ते बघून सांगायचं. आणि यातला सगळ्यात मोठा नियम बाईंचा स्वतःचा. नवा माणूस आला की त्याचं नाव विचारायच्या आधी बाई तो सांगत: "चालायचं डावीकडून. चौकट उजवीकडे. उजव्या अंगाला पाऊल पडलं तर माझ्याशी गाठ आहे."

नियमात खोट काढायला जागा नव्हती. या मातीवर एक काळसर पातळ खपली धरते. ती वाऱ्याला अडवते, ओल धरून ठेवते, कोवळ्या रोपाला सांभाळते. बुटाखाली ती मोडली, की परत धरायला वर्षांमागून वर्षं जातात आणि खालची माती विटेसारखी घट्ट होते. म्हणून पाय एका अंगाला आणि मोजणी दुसऱ्या अंगाला. सुनेनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात चुकून उजवीकडे पाय टाकला होता, तर सासू रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्याशी बोलली नव्हती. जेवताना बोलली ती एवढंच, की मीठ दे.

आज शेवटची मोजणी होती, आणि आज हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. भरावाच्या जमिनीवर टेप ताणायच्या चार ठरलेल्या रेघा होत्या. सकाळपासून तीन मोजून झाल्या आणि तिन्ही पडल्या, म्हणजे मापाच्या माळाच्या आकड्यापर्यंत पोचल्या नाहीत. थोडक्यात पडल्या, पण पडल्या. आता चौथीही पडली, की झुडपांचा प्रयोग फसला असं कागदावर येणार आणि पलीकडचा मोठा उतार, दुसऱ्या खाणीचा, तो दगडानं झाकायचा. कायमचा. तिथं ना बी, ना झुडूप, ना पाखरू. खाणीला तेच हवं होतं. दगड एकदा टाकला की बघायला जावं लागत नाही, झुडपं वर्षानुवर्षं सांभाळावी लागतात. दगड भरलेले ट्रक उताराच्या पायथ्याशी रांगेत उभेच होते. इंजिनंसुद्धा बंद केली नव्हती मेल्यांनी.

"बाई, आटपतंय ना?" खाणीचे साहेब म्हणाले. यांना सगळे 'घड्याळ' म्हणत, कारण बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघत. "नाही म्हणजे, निकाल दिसतोच आहे. चौथीला काय वेगळं निघणार?"

"निघेल ते निघेल," सासू म्हणाली. "मोजल्याशिवाय मी माझं वयसुद्धा सांगत नाही."

सरकारकडून आलेल्या निरीक्षक मॅडम गाडीच्या सावलीत बसून पाणी पीत होत्या. त्या गालातल्या गालात हसल्या. सुनेला हसू आलं नाही. सासूचा आवाज तिला ओळखीचा होता. हा विनोद करणारा आवाज नव्हता, दात आवळलेला होता. गेली पाच वर्षं हा आकडा घसरत होता आणि दर वर्षी सासूनं स्वतःच्या तोंडानं तो सांगितला होता. पुढच्या आठवड्यात ती निवृत्त होणार होती. निरोपाच्या दिवशी काय बोलायचं, ते तिनं आरशासमोर म्हणून बघितलेलं सुनेनं दाराआडून ऐकलं होतं. त्यात झुडपांचा एक शब्द नव्हता.

आणि मामांचाही नव्हता. मामा म्हणजे सासूचा धाकटा भाऊ. या भरावावर पेरलेलं सगळं बी त्याच्या रोपवाटिकेतलं. रान पालथं घालून त्यानं ते वेचलं होतं. आकडा पहिल्यांदा घसरला तेव्हा सासूनं सगळ्यांसमोर सांगितलं, उगवलं पण टिकलं नाही, बी कमकुवत आहे. सख्खा भाऊ म्हणून झाकून घेणाऱ्यांतली ती नव्हती. मामा फक्त एवढंच म्हणाला, "ताई, माझं बी खोटं नाही गं." रोपवाटिका बंद पडली. मामा बहिणीच्या घरचा उंबरा पुन्हा चढला नाही, आणि बहिणीनंही त्याला बोलावलं नाही. दोघंही एकाच मातीची, दुसरं काय!

चौथ्या रेघेच्या आधी सून टेकाडाच्या अंगाला असलेल्या एका उंचवट्याआड जाऊन आली. आता अशा उघड्या रानात बायकांनी जायचं कुठं? तर तिथंच. जाताना ती लांबून वळसा घालून गेली होती. येताना उन्हानं डोकं तडकलं होतं, म्हणून सरळ रेघेच्या दिशेनं निघाली, आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला बुटाखाली करकर आवाज आला.

ती थबकली. खाली बघते तर खपली. काळसर, अखंड, भाजलेल्या पापडासारखी, आणि तिच्यात तिच्या एकटीच्या बुटाचा ठसा. भरावाच्या जमिनीवर खपली? तीन वर्षं ती इथं येत होती, पण रेघेजवळ तिनं ती कधीच पाहिली नव्हती, आणि उजव्या अंगाला इतक्या आत कुणी कधी आलंच नव्हतं. तिनं मान वर केली आणि मग तिला आजूबाजूची झुडपं दिसली. गुडघ्याएवढी. दाट. बुडाशी नवी रोपं, बोटभर, टवटवीत. मापाच्या माळावर असतात तशीच.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं खाली बसून खिशातली घराची किल्ली काढली आणि मातीत खुपसली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली. मग ती जपून, आपल्याच ठशांवरून पाय टाकत मागं फिरली, लांबून वळसा घातला आणि रेघेपाशी आली. चालायच्या अंगाला, डावीकडे, किल्ली टेकवली. आत जाईना. बरोबरच आहे, तिथं सगळे चालतात. मग टेपवरून वाकून, हात लांब करून तिनं उजव्या अंगाला, चौकट ठेवायच्या जागी, किल्ली टेकवली. आत जाईना. थोडं पुढं सरकून पुन्हा. जाईना. जोर लावला तर टोक वाकायची वेळ आली.

उजव्या अंगाला पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. मग ही माती कुणी तुडवली?

ती उठली आणि गाडीपाशी आली. सासू चौकट पुसत होती. ती चौकटसुद्धा पुसायची, घरातल्या ताटासारखी.

"आई, एक विचारू?"

"कामावर मी आई नाही. विचार."

"हे वरचं फाटक नवीन आहे ना? पूर्वी, मी यायच्या आधी, तुम्ही इथं कुठून यायचात?"

"खालच्या फाटकातून. ते मामाच्या... ते रोपवाटिकेकडून जवळ पडायचं. मग खाणीनं मोठा रस्ता केला, तेव्हापासून वरून." सासूनं चौकट उन्हाकडे धरून बघितली. "का गं?"

"काही नाही. सहजच."

सहजच! जीभ टाळ्याला चिकटली होती आणि म्हणे सहजच. सुनेला सगळं कळलं होतं. पूर्वी हे लोक खालून यायचे, खालच्या खुंटीपासून चालायला सुरुवात करायचे आणि डावीकडून चालायचे. त्या वेळी रोपं कोवळी होती आणि मोजणी दर महिन्याला व्हायची. मग फाटक बदललं. वरून यायला लागले, वरच्या खुंटीपासून सुरुवात करायला लागले. नियम तोच: चाल डावीकडून, चौकट उजवीकडे. पण माणसानं तोंड फिरवलं की त्याचं डावं-उजवंही फिरतं की! आता ज्याला उजवं म्हणत होते, ते जुनं डावं होतं. इतकी वर्षं ज्या पट्टीत चौकट ठेवून हे लोक आकडा पडला म्हणून हळहळत होते, ती पट्टी त्यांनीच, त्यांच्याच बुटांनी मारलेली होती. मापाच्या माळाचं फाटक मात्र बदललं नव्हतं. तिथं उजवं ते उजवंच राहिलं होतं. म्हणजे तुडवलेल्या मातीची तुलना न तुडवलेल्या मातीशी चालली होती.

आणि मामाचं बी खोटं नव्हतं.

खोटं कशाला सांगा, सुनेला पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. नवऱ्यानं सकाळीच बजावलं होतं, "आजचा दिवस आईशी वाद घालू नकोस. तिला सुखानं घरी बसू दे." पाच वर्षांचं काम चुकलं, तेही तिच्या स्वतःच्या नियमानं, हे त्या बाईला सांगायचं कुणी? आणि सांगून पुन्हा संध्याकाळी तिच्याच शेजारी बसून जेवायचं कुणी? बरं, न सांगावं तर ट्रक समोर घरघरत होते. दगड एकदा पडले की मग कितीही खरं कळलं तरी उपयोग शून्य.

"चला," घड्याळसाहेब म्हणाले. "ऊन वाढतंय."

सगळे वरच्या खुंटीपाशी गोळा झाले. सासू पुढे, सून चौकट घेऊन मागे, निरीक्षक मॅडम पॅड घेऊन तिच्या मागे, शेवटी साहेब. सगळे डावीकडून. पहिली खूण आली. सुनेनं चौकट ठेवली.

"झुडूप नाही," सासू म्हणाली. "मोकळी माती."

दुसरी खूण. "मोकळी माती. एक वाळकी काडी."

साहेबांनी मनगटाकडे बघितलं. तिसरी खूण आली. सून उभी राहिली. चौकट तिच्या हातातच.

"टाक."

सुनेनं टाकली नाही.

"ऐकू येत नाही का? चौकट टाक."

"नाही टाकत," सून म्हणाली. "बाई, ही मोजणी चुकतेय."

सासूनं हळूच मान वळवली. या बाईनं नाकावर माशी बसू दिली नव्हती कधी, आणि आज घरची सून चार माणसांत तिला चूक म्हणत होती.

"काय चुकतंय?"

"आपण चुकीच्या अंगानं चालतोय."

"डावं कळत नाही होय तुला?" सासूचा तोल गेला. "डावा हात कुठला, हे मी तुला शिकवू? माझ्या हाताखाली तीन वर्षं काढलीस आणि आज, या लोकांसमोर..."

"माझं डावं-उजवं राहू द्या. तुम्ही फक्त एक करा. खालच्या खुंटीपाशी चला. एकदाच. मग मला काय वाटेल ते बोला, घरी बोला, आयुष्यभर बोला."

"अहो, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. "घरची भांडणं इथं कशाला?"

हे ऐकलं आणि सासू चालायला लागली. साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून नव्हे, पडावा म्हणूनच. तरातरा खालच्या खुंटीपाशी गेली. सून टेपच्या कडेनं मागोमाग.

"आता वर तोंड करून उभ्या राहा. पूर्वी इथूनच सुरुवात करायचात ना? आता डावा हात वर करा."

सासूनं रागानं हात वर केला. टेकाडाच्या दिशेनं. उन्हात एक म्हातारी बाई हात वर करून उभी, जणू बस थांबवतेय. साहेबांना हसू फुटलं.

"आता वरच्या खुंटीपाशी. खाली तोंड करा. डावा हात."

सासू वर गेली. धाप लागली होती तिला. वळून उभी राहिली, हात उचलायला लागली. ट्रकांच्या दिशेनं. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

सून तिच्याकडे बघत राहिली. सासूनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग टेकाडाकडे. मग टेपच्या उजव्या अंगाकडे, त्या घट्ट, उघड्या मातीकडे. हात हळूहळू खाली आला. सुनेनं तिला कधी रागावलेली पाहिली होती, कधी आजारी पाहिली होती, पण भ्यालेली आज पहिल्यांदाच पाहिली, आणि तिला वाटलं, आपण हे करायला नको होतं.

"किल्ली दे," सासू म्हणाली. मघाशी सून माती टोचत होती, ते तिनं पाहिलं होतं.

सुनेनं किल्ली दिली. सासू गुडघे टेकून बसली आणि टेपच्या दोन्ही अंगांना माती टोचून बघितली. मग उठून विचारलं, "न मोडलेली खपली कुठं दिसली का तुला?" सुनेनं टेकाडाकडे बोट केलं. सासू तिथवर गेली नाही. लांबूनच मान उंच करून बघत राहिली. तिथली झुडपं वाऱ्यानं हलत होती.

"फाटक बदललं त्याच वर्षी," ती पुटपुटली. "त्याच वर्षी आकडा पडला. आणि मी म्हटलं बी कमकुवत."

"आई..."

"गप्प बस जरा."

ती निरीक्षक मॅडमकडे आली. साहेबही आले. सासूनं काय झालं ते सांगितलं, एक शब्द इकडे-तिकडे न करता, दुसऱ्या कुणाची चूक सांगावी तसं. खालचं फाटक, वरचं फाटक, डावं, उजवं. मध्येच ती थांबली आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागली. सून बाजूला उभी राहून नखं खात होती.

साहेबांनी पहिल्यांदाच मनगट सोडून तोंडाकडे बघितलं. "वा, बाई! हरायला लागल्यावर खेळाचे नियम बदलायचे? तुम्हीच सांगत होता ना, रेघ हलवायची नाही, काही झालं तरी? आज तीन रेघा पडल्या आणि चौथीला अचानक डावं-उजवं आठवलं?"

खरं सांगायचं तर साहेबांचं बोलणं वावगं नव्हतं. सासूनं दुसऱ्या कुणाकडून हे ऐकलं असतं तर तिनंही हेच म्हटलं असतं, आणि वर दोन शब्द जास्त.

निरीक्षक मॅडम पॅडवर पेन टेकवून उभ्या होत्या. "यांचं खरं आहे. आज नवी रेघ मी धरू शकत नाही. झुडपं दिसतात तिथं रेघ मारायची, ही मोजणी नव्हे."

"मी कुठं म्हणतेय रेघ हलवा?" सासू म्हणाली. "मी म्हणतेय, रद्द करा."

"आजची?"

"फाटक बदलल्यापासूनची. सगळी."

मॅडमनी पेन उचललं. "बाई, नीट विचार करा. पुढच्या आठवड्यात तुम्ही निवृत्त होताय. पाच वर्षांची मोजणी रद्द म्हणजे तुमच्या नावापुढे तसा शेरा जाणार. नवी रेघ चिठ्ठ्या टाकून ठरेल, दुसरी माणसं मोजतील. तुम्हाला इथं पाय ठेवता येणार नाही. आणि नव्या मोजणीतही झुडपं पास होतील, याची मी हमी देत नाही."

"हमी मागतंय कोण? फक्त तोवर दगड टाकू नका."

"आणि ही मोजणी तशीच राहू दिली तर," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही मानानं घरी जाल. कुणाला कळणारही नाही."

सासूनं त्यांच्याकडे असं बघितलं की साहेब एक पाऊल मागे सरले. उजवीकडे. "पाय!" सासू ओरडली. साहेबांनी दचकून पाय उचलला, एका पायावर डुगडुगले आणि निरीक्षक मॅडमच्या खांद्याला धरून सावरले. मग सासूच म्हणाली, "ठेवा, ठेवा. तिथं आता मारायला काही उरलेलं नाही."

निरीक्षक मॅडमनी किल्ली मागून घेतली. दोन्ही अंगांना टोचून बघितलं, टेकाडाच्या बाजूनं लांबून वळसा घालून खपलीच्या कडेलाही टोचून बघितलं. मग बराच वेळ लिहीत बसल्या. सासू समोर उभी होती, परीक्षेच्या वर्गात उभी केल्यासारखी. शेवटी मॅडमनी पॅड तिच्यापुढे धरला. सासूनं चष्मा पुसला, प्रत्येक ओळ वाचली आणि सही केली.

साहेबांनी फोन काढला आणि पाठ फिरवून बोलले. थोड्या वेळानं उताराच्या पायथ्याशी एकेक इंजिन बंद पडत गेलं. इतकं शांत झालं की कान कोंदल्यासारखे वाटले. साहेब आणि मॅडम गाडीकडे निघून गेले.

सासू टेप गुंडाळत नव्हती. रेघेच्या उजव्या अंगाला, तुडवलेल्या मातीत, तशीच उभी होती.

"मामाचा नंबर दे," ती म्हणाली.

"माझ्याकडे कुठला..."

"तू त्याच्याशी बोलतेस. स्वयंपाकघराचं दार लावून. मला काय ऐकू येत नाही होय? नळ सोडून मला काय म्हणतेस, तेही ऐकू येतं. लाव फोन."

सुनेचे कान लाल झाले. तिनं फोन लावून दिला. सासू नेहमीच फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलायची, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. आधी नुसता वाजत राहिला. मग मामाचा आवाज आला, "बोल गं सूनबाई."

"मी बोलतेय."

पलीकडे कुठंतरी पाण्याचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुझं बी चांगलं होतं," सासू म्हणाली. "चूक माझी होती. आम्हीच तुडवलं. फाटक बदललं आणि मी बाजू बदलली नाही. मीच मारलं तुझं सगळं, आणि वर तुलाच..." पुढचं तिला बोलता येईना.

"ताई," मामा शेवटी म्हणाला, "आत्ता कुठं उभी आहेस तू?"

"रेघेवर. भरावावर."

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"मग हलू नकोस." आवाज चिरका झाला होता त्याचा, राग होता की काय होतं देव जाणे. "जिथं आहेस तिथंच उभी राहा. आणखी एक पाऊल टाकू नकोस माझ्या जमिनीवर. मी येतो."

फोन बंद झाला. सून म्हणाली, "आई, ते रागानं बोलले. सावलीत चला. डोकं तापलंय तुमचं."

"तो बरोबर बोलला," सासू म्हणाली.

आणि ती हलली नाही. गाडीतून तिला पाणी आणून दिलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं. सुनेनं छत्री आणली आणि टेपच्या अलीकडून, हात लांब करून तिच्या डोक्यावर धरली. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायची. ड्रायव्हर एकदा विचारून गेला की निघायचं का, आणि सासूच्या तोंडाकडे बघून न विचारल्यासारखा परत गेला.

मग खालच्या फाटकाकडे धूळ दिसली. ते फाटक कुणी वापरत नव्हतं आता, पण मामाला दुसरा रस्ता ठाऊकच नव्हता. जुनी गाडी खडखडत थांबली. मामा उतरला. केस पांढरे झाले होते त्याचे, सासूनं ते आज पहिल्यांदा पाहिले. त्यानं लांबूनच दोघींकडे बघितलं, मग टेकाडाच्या अंगाच्या दाट झुडपांकडे बघितलं, आणि तिथंच वाटेत खाली बसला. बराच वेळ बसला.

उठला तेव्हा तो पायांकडे बघत, एकेक पाऊल जपून टाकत बहिणीकडे यायला लागला. सासू घळाघळा रडत होती, पण तिनं पाय हलवले नव्हते.